जुन्या स्पेक्ट्रमला इंटरफेस जोडताना: आधी वीज, मग पट्टी, मग कार्ड

भिलवडीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक घरी आहे आणि माळ्यावर ठेवलेला असल्यामुळे तो २०१९ च्या महापुरात बुडाला नाही. आता त्याला डिव्हएमएमसी हा एसडी कार्डावरून प्रोग्राम लोड करणारा इंटरफेस आणि केम्पस्टन पद्धतीची जॉयस्टिक जोडायची आहे. शिवाय ओळखीतल्या एकाने इंटरफेस वन हे सिंक्लेअरचे जुने जोडउपकरण आणि त्यावर चालणारा मायक्रोड्राइव्ह हा फितीवर साठवणारा ड्राइव्ह देऊ केला आहे, तोही लावावा असा विचार आहे. या तिन्ही वस्तू एकमेकींशी जुळतील का आणि त्यांचा भरवसा किती धरावा, अशी विचारणा आहे.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. एसडी कार्डाचा इंटरफेस आणि जॉयस्टिक एकत्र चालतात. डिव्हएमएमसी आणि इंटरफेस वन एका वेळी एकाच यंत्रावर चालणार नाहीत, आणि त्याचे कारण दर्जात नसून रचनेत आहे. मात्र यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा आणि इंटरफेस जिला लावतात ती मागची जोडपट्टी तपासून घ्यावी. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात मुख्यतः कारखान्यांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्तीला येतात, पण जुने घरगुती संगणकही मी आवडीने हाताळत आलो आहे. ‘इंटरफेस खराब निघाला’ अशा तक्रारीने आलेल्या यंत्रांत दोष बहुतेक वेळा इंटरफेसमध्ये नसतो, तो यंत्राच्या विजेत किंवा जोडणीत असतो, असा माझा अनुभव आहे.

यंत्राची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आला आणि स्पेक्ट्रम प्लस १९८४ मध्ये. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये भारतात डीबी स्पेक्ट्रम प्लस आणला. आतली रचना मूळ ४८के यंत्राचीच आहे: ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी फेरांटीची यूएलए चिप, १६ किलोबाइटची रॉम आणि ४८ किलोबाइटची रॅम. त्यामुळे ४८के स्पेक्ट्रमसाठी केलेला इंटरफेस आपल्या यंत्रालाही चालावा. नंतरच्या प्लस टू ए आणि प्लस थ्री या यंत्रांच्या जोडपट्टीवरील काही ओळींचे अर्थ बदलले आहेत, म्हणून खरेदी करताना ‘सर्व स्पेक्ट्रमला चालते’ अशा मोघम शब्दांवर न जाता ४८के यंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पाहावे.

आता वीज. मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आहे, पण तो नियंत्रित नाही. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक मोठा कपॅसिटर, एवढेच असते. त्यामुळे भार नसताना मीटर बारा व्होल्टच्याही पुढे दाखवतो आणि घरातल्या विजेचा दाब वरखाली झाला की बाहेरचा दाबही त्याच प्रमाणात हलतो. यंत्रातला ७८०५ रेग्युलेटर त्यातून स्थिर ५ व्होल्ट काढतो, परंतु त्यासाठी त्याला आत किमान ७ व्होल्टच्या आसपास दाब सतत मिळावा लागतो. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत शेतीपंप सुरू झाले की घरातला दाब उतरतो. त्यात अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर पस्तीस-चाळीस वर्षांचा होऊन सुकलेला असतो, म्हणून दाबात लहरी येतात आणि लहरींच्या तळाशी रेग्युलेटर उपाशी राहतो. यंत्र एकटे असताना कसेबसे चालते, पण इंटरफेसचा थोडा भार वाढला की पडदा थरथरतो आणि यंत्र मध्येच आपोआप रिसेट होते.

वाळवा तालुक्यातले एक गृहस्थ नेमकी हीच तक्रार घेऊन आले होते. त्यांचा एसडी इंटरफेस रात्री उशिरा सुरळीत चालत असे, पण संध्याकाळी खेळ अर्धवट लोड होऊन थांबत असे. त्यांनी कार्ड बदलले, पुन्हा फॉरमॅट केले, शेवटी इंटरफेसही बदलून मागवला, तरी फरक पडला नाही. बेंचवर मूळ अ‍ॅडॉप्टर व्हेरिएकला (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) जोडून घरातला दाब हळूहळू कमी केला, तेव्हा ठरावीक बिंदूवर ऑसिलोस्कोपवर ५ व्होल्टच्या सरळ रेषेत खळगे दिसू लागले आणि त्याच क्षणी लोडिंग बंद पडले. नवीन नियंत्रित अ‍ॅडॉप्टर दिल्यावर परत केलेला पहिला इंटरफेसही चालला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

म्हणून पहिला खर्च चांगल्या प्रतीच्या ९ व्होल्ट, किमान दीड अँपिअरच्या नियंत्रित अ‍ॅडॉप्टरवर करावा. येथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाळावी. स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये मध्यभाग ऋण आणि बाहेरची नळी धन असते. बाजारात मिळणारे जवळपास सगळे अ‍ॅडॉप्टर, विशेषतः इंटरनेटच्या राउटरसोबत येणारे ९ व्होल्टचे, याच्या उलट म्हणजे मध्यभागी धन असतात. पिन तंतोतंत बसते, म्हणून संशय येत नाही. उलट ध्रुवाने वीज गेली तर रेग्युलेटरपासून रॅमपर्यंत सगळेच धोक्यात येते. अ‍ॅडॉप्टरवरील चिन्हावर न विसंबता मीटरने स्वतः मोजावे. राउटरचे बरेच अ‍ॅडॉप्टर अर्धा-पाऊण अँपिअरचेच असतात, ते ध्रुव बदलूनही येथे पुरत नाहीत.

उन्हाळ्याचाही विचार करावा. समजा यंत्र ०.७ अँपिअर घेत आहे. आत ९ व्होल्ट येत असतील तर रेग्युलेटरवर सुमारे २.८ वॅट उष्णता होते आणि १२ व्होल्ट येत असतील तर ४.९ वॅट. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळीस अंशांच्या आसपास असते, तेव्हा बंद खोक्यातली ही उष्णता शेजारच्या कपॅसिटरना सोसवत नाही. ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवल्यास उष्णता जवळपास नाहीशी होते. मी हा बदल सुचवतो, पण तो नामांकित बनावटीचाच घ्यावा. हलक्या प्रतीच्या स्विचिंग रेग्युलेटरचा गोंगाट चित्रात तिरप्या रेघांच्या रूपाने दिसतो.

स्पेक्ट्रमचा खरा नाजूक भाग मात्र वेगळाच आहे. खालच्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ रॅम चिप वापरल्या आहेत आणि त्यांना +५, +१२ आणि –५ असे तीन दाब लागतात. १२ आणि उणे ५ हे दोन दाब बोर्डावरच एक लहान गुंडाळी आणि टीआर४, टीआर५ या ट्रान्झिस्टरांच्या मंडलातून तयार होतात. उणे ५ नाहीसे झाले आणि १२ सुरू राहिले, तर ४११६ चिप तापतात आणि एकामागून एक जातात. म्हणून यंत्र उघडून प्रथम हे दाब मोजावेत: ४११६ च्या पहिल्या पायावर –५, आठव्यावर +१२, नवव्यावर +५, आणि सोळावा पाय शून्य. या चिपचा शून्याचा पाय नेहमीच्या लॉजिक चिपच्या उलट कोपऱ्यात आहे, त्यामुळे मीटरची काळी तार कोठे लावतो याचे भान ठेवावे. दाब योग्य मिळाले तरी जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्यावेत, कारण त्यांचा खर्च फार नाही आणि त्यांतल्या एकाच्या गळतीने होणारे नुकसान मोठे असते.

पुढची तपासणी घरी, काहीही न जोडता करता येते. यंत्र सुरू करून बेसिकमध्ये पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ ही किंमत छापून पाहावी (पीक म्हणजे मेमरीतल्या त्या जागेवरचा आकडा वाचणे). उत्तर ६५५३५ आले तर पूर्ण ४८ किलोबाइट ओळखले गेले आहेत. ३२७६७ आले तर वरच्या ३२ किलोबाइटमध्ये दोष आहे आणि यंत्र स्वतःला १६के समजून चालत आहे. अशा यंत्रावर बहुतेक खेळ कोणत्याही इंटरफेसने चालणार नाहीत, पण पडद्यावर सिंक्लेअरची ओळ नेहमीसारखी येत असल्याने मालकाला यंत्र ठणठणीत वाटते.

आता मागची जोडपट्टी. बोर्डाची कडच बाहेर काढून तिच्यावर दोन्ही बाजूंना २८-२८ जागा दिल्या आहेत, दोन जागांमधले अंतर २.५४ मिलिमीटर आहे आणि पाचव्या जागी खाच आहे. इंटरफेसच्या सॉकेटमध्ये त्या खाचेत बसणारी प्लास्टिकची चिमुकली चावी असावी लागते. ही चावी नसलेला इंटरफेस फुकट मिळाला तरी तसाच लावू नये. खालच्या बाजूला तिसऱ्या जागेवर ५ व्होल्ट आहेत आणि चौथ्यावर अ‍ॅडॉप्टरचे सरळ ९ व्होल्ट. सॉकेट एका जागेने सरकला किंवा तिरपा बसला तर ९ व्होल्ट ५ व्होल्टच्या ओळीत शिरतात आणि यंत्रातल्या प्रत्येक चिपला ते सहन करावे लागतात. वरच्या बाजूला प्रोसेसरची ‘वेट’ ओळ उणे ५ आणि १२ व्होल्ट यांच्या बरोबर मध्ये आहे. तिला दोहोंपैकी कोणाचाही स्पर्श झाला तर झेड८० जाण्याची शक्यता फार मोठी असते. यंत्र सुरू असताना काहीही जोडू किंवा काढू नये, हा नियम यासाठी आहे. स्पेक्ट्रम प्लसवर रिसेटचे बटण आहे, पण ते दाबल्याने वीज बंद होत नाही. जोडण्या-काढण्यासाठी अ‍ॅडॉप्टरची पिनच काढावी.

पट्टीची स्वच्छता हा आपल्या भागात दुर्लक्षून चालणार नाही असा विषय आहे. यंत्र पाण्यात बुडाले नसले तरी पुरानंतर कित्येक आठवडे घरात दमट हवा कोंडलेली होती आणि पुढे दरवर्षीचा पावसाळा आहेच. पट्टीवर काळपट थर धरतो आणि त्यामुळे एखादी पत्त्याची ओळ कधी जुळते, कधी सुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घेऊन पट्टीच्या लांबीला आडवे, आतून बाहेर असे पुसावे. डाग न निघाल्यास साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासावे आणि चुरा झटकून पुन्हा अल्कोहोलने पुसावे. पॉलिश पेपर कदापि वापरू नये, कारण तांब्यावरचा मुलामा एकदा गेला की पुढच्याच पावसाळ्यात पट्टी पुन्हा काळी पडते. बोर्डावर कोठे पुराचा गाळ बसलेला दिसला, तर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, मग अल्कोहोल फिरवून, पूर्ण कोरडा झाल्याखेरीज वीज देऊ नये. दोन तारांमधला वाळलेला गाळ दमट हवेत पुन्हा वीज वाहून नेतो.

यानंतर जुळण्याचा मुद्दा. झेड८० बाहेरच्या उपकरणांशी पोर्टच्या क्रमांकांनी बोलतो. सिंक्लेअरने सुटे भाग वाचवण्यासाठी पूर्ण क्रमांक तपासण्याऐवजी प्रत्येक उपकरणाला पत्त्याची एकेक ओळ वाटून दिली. ती ओळ शून्य झाली की त्या उपकरणाने उत्तर द्यायचे. यूएलएचा अधिकृत पोर्ट २५४ आहे, पण ती फक्त सर्वांत खालची ओळ पाहते, म्हणून प्रत्येक सम क्रमांकाच्या पोर्टला तीच उत्तर देते. केम्पस्टन जॉयस्टिकचा पोर्ट ३१. चांगला इंटरफेस पत्त्याच्या (मोजणी शून्यापासून धरून) पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अशा तिन्ही ओळी शून्य आहेत का ते पाहतो, स्वस्तातला फक्त पाचवी पाहतो. एकटा असताना दोन्ही सारखेच चालतात. उद्या आपण केम्पस्टन माउस जोडला, तर त्याच्या ६४४७९ या पोर्टमध्येही पाचवी ओळ शून्यच असते. मग स्वस्त जॉयस्टिक आणि माउस एकाच वेळी उत्तर देतात आणि डेटाच्या ओळींवर एकाचा शून्य, दुसऱ्याचा एक असा झगडा होतो. वस्तू दोन्ही निर्दोष आणि तरीही एकत्र निकामी, हे असे घडते. डिव्हएमएमसीचे २२७, २३१ आणि २३५ हे पोर्ट घेतले तर त्या तिन्हींत पाचवी ओळ एक आहे, म्हणून जॉयस्टिकशी त्याचा संघर्ष होत नाही. बऱ्याच डिव्हएमएमसी बोर्डांवर केम्पस्टनचा पोर्ट आधीच दिलेला असतो. तसा घेतल्यास वेगळा जॉयस्टिक इंटरफेस घेऊ नये आणि घरात असलाच तर तो लावू नये.

इंटरफेस वन बाबत अडचण दुहेरी आहे. तो पत्त्याची तिसरी आणि चौथी ओळ पाहतो आणि त्याच्या मायक्रोड्राइव्हचा डेटा पोर्ट २३१ आहे. डिव्हएमएमसी कार्ड निवडण्यासाठी नेमका तोच क्रमांक वापरतो. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. दोन्ही उपकरणे ‘रॉमसीएस’ ही ओळ ओढून यंत्राची मूळ रॉम बाजूला सारतात आणि तिच्या जागी स्वतःची रॉम पुढे करतात, आणि दोघेही प्रोसेसर पत्ता ८ वर पोहोचण्याची वाट पाहतात, कारण बेसिकमधली प्रत्येक चूक त्या पत्त्यावरून जाते. एकाच क्षणी दोन रॉम बोलू लागल्यावर प्रोसेसरला मिळणारा बाइट कोणाचाच नसतो. बोर्डावरच्या जंपरने किंवा जोडण्याचा क्रम बदलून हा पेच सुटत नाही. माझे स्पष्ट मत आहे की १९८३ चा इंटरफेस वन संग्रह म्हणून अवश्य घ्यावा, त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे, पण रोजच्या वापरासाठी घेऊ नये. मायक्रोड्राइव्हच्या कार्ट्रिजमध्ये अगदी अरुंद फितीची अखंड वेटोळी असते आणि जेमतेम ८५ किलोबाइटच्या आसपास मजकूर मावतो. इतक्या वर्षांनी फितीमागची स्पंजची गादी सुटलेली असते आणि फीत ताणली जाऊन तुटते. ज्या माध्यमाला नवी फीत मिळत नाही, त्यावर आपले काही साठवू नये.

डिव्हएमएमसी घेताना विक्रेत्याने दिलेल्या बोर्डाचे छायाचित्र मोठे करून पाहावे. प्रत्येक चिपशेजारी शंभर नॅनोफॅरडचा लहान कपॅसिटर आहे का, सॉकेटमध्ये चावी आहे का, सर्किटचा नकाशा प्रसिद्ध केलेला आहे का, हे पाहावे. लॉजिक चिप ७४एचसी आहेत की ७४एचसीटी, हे तर वाचावेच. जुन्या झेड८० चा ‘एक’ किमान २.४ व्होल्टचा असतो. एचसीटी आणि एलएस जातीला २ व्होल्ट पुरतात, पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी जातीला साडेतीन लागतात. एचसी लावलेला बोर्ड विक्रेत्याच्या यंत्रावर चालेल आणि आपल्याकडे यंत्र तापल्यावर अडखळेल. ३.३ व्होल्टच्या चिप असतील तर त्यांचे इनपुट ५ व्होल्ट सोसणारे आहेत का, हेही विचारावे. एक्ससी९५७२एक्सएल ही सीपीएलडी, म्हणजे आतले लॉजिक प्रोग्राम करता येणारी चिप, ते सोसते. ज्या मायक्रोकंट्रोलरच्या माहितीपत्रकात तशी हमी दिलेली नाही, तो मध्ये बफर (दाब जुळवून देणारी चिप) न घालता थेट पट्टीला जोडणारे बोर्ड मी माझ्या ग्राहकांना सुचवत नाही. ते आज चालतात, पण त्यांचे आयुष्य कोणी सांगू शकत नाही.

बोर्ड यंत्राला थेट लावावा. मध्ये रिबन केबल घालू नये आणि एकावर एक अशी उपकरणांची माळ करू नये. डिव्हएमएमसी प्रत्येक सूचना वाचली जात असताना प्रोसेसरच्या ‘एम१’ ओळीवर लक्ष ठेवून रॉम बदलतो. लांब केबलमुळे त्या ओळीवर लहर उठली तर चुकीच्या क्षणी रॉम बदलते आणि यंत्र गोठते.

कार्डाविषयी थोडेच सांगावे लागेल. ८ ते ३२ गिगाबाइटचे नामांकित कार्ड घेऊन ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावे. ६४ गिगाबाइटपासूनची कार्डे एक्सफॅटमध्ये येतात आणि ती तशीच वाचली जात नाहीत. बोर्डावरच्या रॉममध्ये भरलेल्या ईएसएक्सडॉसची (कार्ड वाचणाऱ्या प्रणालीची) आवृत्ती आणि कार्डावर उतरवलेल्या फोल्डरांची आवृत्ती एकच असली पाहिजे. विक्रेत्याने कोणती भरली आहे ते विचारून तीच उतरवावी.

वडिलांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम काही कॅसेटवर आहेत, असेही आपण कळवले आहे. कोणताही इंटरफेस येण्याआधी त्या कॅसेट एका चांगल्या प्लेअरवरून लॅपटॉपमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून उतरवून घ्याव्यात, कारण फितीवरचा थर दमटपणाने सुटत असल्यास ती पुन्हा पुन्हा चालवणे परवडणारे नाही. प्लेअरचे हेड आधी अल्कोहोलने पुसावे आणि फीत लावल्यावर हेडशेजारचा लहान स्क्रू आवाज सर्वांत तीव्र आणि स्वच्छ येईपर्यंत किंचित फिरवावा. ज्या प्लेअरवर वडिलांनी कॅसेट भरली, त्याच्या हेडचा कोन वेगळा असू शकतो. उतरवलेली फाइल लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून, आवाज बराच मोठा ठेवून, यंत्राच्या ‘इअर’ जॅकला देता येते. इंटरफेस न लावता प्रोग्राम अशा रीतीने लोड होऊन तासभर चालला, म्हणजे वीज, रॅम आणि प्रोसेसर यांची एकत्र परीक्षा झाली, आणि त्यानंतरच डिव्हएमएमसीची मागणी नोंदवावी.

मीटरने दाब मोजण्याची सवय नसेल, तर यंत्र अ‍ॅडॉप्टरसह जवळच्या एखाद्या जाणत्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे आणि ४११६ च्या चारही पायांवरचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. ते आकडे कळवल्यास पुढे कोणते कपॅसिटर आणि किती मूल्याचे बदलायचे, हे मी बोर्डाचा इश्यू क्रमांक, म्हणजे रचनेच्या आवृत्तीचा क्रमांक, पाहून सांगू शकेन. तो क्रमांक बोर्डावरच छापलेला असतो.